बारशाच्या फोटोतले डोळे

लोकांना फोटो नको असतो. लोकांना खोटं हवं असतं, आणि तेही चकचकीत कागदावर. टीव्ही सेंटर चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे, सतरा वर्षं झाली. ह्या सतरा वर्षांत "जसा आहे तसा काढा" म्हणणारं एक गिऱ्हाईक आलं नाही. नवरीला गोरी करा. नवरदेवाच्या टकलावर केस उगवा. सगळा जन्म बंडीवर काढलेल्या आजोबांना मेल्यावर कोट घाला. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचं लॉकेट मोठं करा, आणि शुभेच्छुकांत शेजारच्या गल्लीतल्या त्या एकाचं तोंड सगळ्यांत बारीक ठेवा. मी सगळं करतो. करता करता माणसांबद्दल माझं मत काय झालं असेल, ते सांगायला नको.

खरं तर मत आधीपासूनचंच होतं. जग अडाणी आहे आणि मला कळतं, एवढं साधं मत. धंद्यानं त्याला फक्त धार लावली.

माझी बहीण मोनिका माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला पाचोडला दिली. मोसंबीच्या बागा, दारात ट्रॅक्टर, आणि मुलगा गोकुळ वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, म्हणून आमची आई हुरळून गेली. मी तेव्हाच म्हणालो होतो की हे लोक बागेतून बाहेर आले तरी बाग ह्यांच्या डोक्यातून बाहेर येणार नाही. माझं कोण ऐकतं? नवरा-बायको बजाजनगरला खोली करून राहत, आणि सासू सरूबाई पाचोडहून फोनवर संसार चालवत असे. भाजीला फोडणी कशाची द्यायची हेसुद्धा फोनवर.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मोनी आमच्याकडे आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठेवलं. पाचोडहून दोन जीप भरून पाव्हणे आले. सरूबाईनं आल्या आल्या पाळणा हलवून बघितला आणि "कडी कुरकुरती" असा निकाल दिला. मग आत्यानं लेकराच्या कानात नाव सांगितलं, अपेक्षा, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले की ती बिचारी पाळण्यात पडायची राहिली. मी फोटो काढत होतो. घरचाच फोटोग्राफर असल्यावर जेवणाच्या पंगतीत त्याची आठवण सगळ्यांत शेवटी येते, तोपर्यंत तो फोटोच काढत असतो.

मोनी पाळण्याशेजारी पाटावर बसली होती. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी तिला फोटो दाखवला. तिनं तो जवळ ओढून घेतला.

"दादा, हिच्या डोळ्यात हे पांढरं काय रे?"

"फ्लॅश आहे, बावळे."

"दोन्ही डोळ्यांत? माझ्या डोळ्यात तर नाही आला."

"बारक्या लेकरांचं येतं तसं. तू फोटोग्राफर का मी?"

सगळे हसले. गोकुळदाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. मोनीही हसली आणि पदरानं लेकराचं तोंड पुसू लागली. मला बरं वाटलं. आपण बोलावं आणि चारचौघांनी हसावं, ही माझी जुनी हौस.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो साफ करायला बसलो. अकरा फोटोंत लेकराचे डोळे उघडे होते. उजव्या डोळ्याची अख्खी बाहुली पांढरी, डाव्या डोळ्यातही पांढरं, पण लहान. फ्लॅशनं डोळे लाल येतात, हे कालच्या पोरालाही माहीत असतं. पांढरे आलेले मी सतरा वर्षांत कधी पाहिले नव्हते. ज्याला कळतं तो माणूस तिथं थांबला असता. मी फ्लॅश बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं दोन शिव्या हासडल्या आणि अकराच्या अकरा फोटोंत बाहुल्या काळ्या करून टाकल्या. वर प्रत्येक डोळ्यात उजेडाचा एकेक बारीक ठिपका दिला. त्यानं डोळे जिवंत दिसतात. ते माझं खास काम.

अल्बम बघून सरूबाई पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलली. "डोळं बघा पोरीचं. जांभळावाणी." एक फोटो मोठा करून पाचोडच्या घरात दारासमोर लावला, तोच सगळ्यांच्या मोबाईलवरही गेला. मला वाटलं, खेड्यातल्या माणसालाही कधीकधी चांगलं काम कळतं.

अपेक्षा अडीच महिन्यांची झाली तेव्हा मोनीचा बजाजनगरहून फोन आला. "दादा, ती माझ्याकडं बघत नाही. हाक मारली की वळती, पण बघत नाही."

"लेकरू आहे ते," मी म्हणालो. "सीसीटीव्ही नाही. बघंल हळूहळू."

हेही मला त्या वेळी फार चांगलं सुचलं असं वाटलं होतं.

पुढं महिन्याभरानं लसीच्या तिसऱ्या खेपेला नर्सबाईनं मोबाईलची बॅटरी लेकराच्या डोळ्यांवर धरली आणि मोनीला तिथल्या तिथं झापलं. इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही? लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आजच्या आज जा. मोनीनं मला फोन केला, कारण गाडी माझ्याकडं. सरूबाई पाचोडहून पहिल्या एसटीनं येऊन थडकली.

गाडीत बसल्यापासून तिनं एकच लावून धरलं. "गिऱ्हानात हिनं विळीवर भाजी चिरली. मी फोनवर सांगत व्हते, हात लावू नको, पडून ऱ्हा. ऐकलं नाय. आता भोगा."

मोनी मागं खिडकीशी बसली होती, लेकराला छातीशी धरून. आईपुढं गोकुळदाजींची सुपरवायझरी चालत नाही. मी मात्र सेव्हन हिल्सच्या पुलापासून सुरू झालो.

"मावशी, पृथ्वीची सावली चंद्रावर पडली म्हणून कुणाच्या डोळ्यात काही होत नसतं. शाळेतलं पोरगंही सांगंल."

"तुमी लई शिकलेले, पाव्हणं."

"शिकायला लागत नाही. डोकं लागतं."

दवाखाना येईपर्यंत मी तिला सोडलं नाही. चंद्र समजावला, सूर्य समजावला, अडाणीपणाचे प्रकार समजावले. फार समाधान झालं. आज आठवतं तेव्हा गाडीतून उतरून स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

डॉक्टर शाइस्ता म्हणजे एवढीशी बाई, आवाज इतका हळू की सरूबाईला पुढं वाकून ऐकावं लागत होतं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासानं तपासलं, मग पापण्यांवर यंत्र ठेवून आतलं पडद्यावर बघितलं. मग आमच्याकडं वळल्या.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदू तर म्हाताऱ्याला व्हतो," सरूबाई म्हणाली. "माझा झाला गेल्या साली."

"लहान मुलांनाही होतो, आजी. उजव्या डोळ्याचं भिंग अख्खं पांढरं आहे. ते काढता येईल. डावा डोळा अवघड आहे. मुळात तो लहान राहिलाय. आणि जन्माआधी सुकून जायला पाहिजे होती ती एक रक्तवाहिनी तशीच राहिली, भिंगाला मागून चिकटून बसलीय. ती तोडताना आत रक्त येऊ शकतं, पुढं डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं." त्यांनी मोनीकडं बघितलं. "आता मला नीट आठवून सांगा. हे पांढरं कधीपासून आहे? सगळं त्यावर आहे. डोळे मेंदूला बघायला शिकवतात. पहिल्या दोन महिन्यांत उजेड आत गेलाच नसेल तर मेंदू शिकायचा राहतो. हिचे डोळे आता थरथरायला लागलेत, बघा. पण काही दिवस तरी ती बघत असेल, तर डाव्या डोळ्यातही मला जास्त आशा आहे."

मोनीनं तोंड उघडलं होतं. पण सरूबाईनं आधीच कनवटीचा मोबाईल काढला.

"ह्ये बगा. बारशाला लेकराचं डोळं कसं व्हतं. काळेभोर. काय पांढरं नाय नि बिंढरं नाय."

डॉक्टरांनी मोबाईल हातात घेतला. फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"अजीब है," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्यातली नस जन्माचीच आहे. पण भिंग बाराव्या दिवशी इतकं साफ असेल आणि चौथ्या महिन्यात अख्खं पांढरं, तर मला दुसरं कारण शोधावं लागेल. दुधातली साखर न पचण्याचा एक आजार असतो. किंवा मार. तपासण्या पाठवू, रिपोर्टला आठ-दहा दिवस जातील, तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. मुलगी पडली होती का? डोक्याला, डोळ्याला काही लागलं?"

"नाही," मोनी म्हणाली.

"बारशापस्तोर पोरगी धड व्हती," सरूबाई म्हणाली. ग्रहण तिनं कधीच सोडून दिलं होतं. "मंग माहेराहून हिच्या खोलीवर गेली. तिथं कोण व्हतं बगायला? पाडली आसंल हिनं. आन् आता बोलना झाली."

"आई," गोकुळदाजी म्हणाले. मग त्यांनीही मोनीकडं बघितलं. नवऱ्यानं तसं बघावं आणि भावानं ते उभ्यानं बघावं, असा तो प्रसंग.

"फोटो खरा आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरा म्हंजी? हिच्या मामानंच काढलाय. ह्ये काय उभं ऱ्हायलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मोनी सोडून. ती जमिनीकडं बघत होती. मला अजून एक पळवाट दिसत होती. मी काहीच बोललो नसतो तर रिपोर्ट आले असते, त्यांत काही निघालं नसतं, डॉक्टरांनी डोकं खाजवून ऑपरेशन केलं असतं. गेले असते ते दहा दिवस. आणि मोनी आयुष्यभर लेकरू पाडलेली बाई म्हणून पाचोडच्या त्या घरात राहिली असती, माझ्या फोटोखाली. मी इतका भ्यालो होतो की हे सगळं मला तेवढ्या वेळात दिसलं.

"फोटो खरा नाही," मी म्हणालो. "डोळे पांढरेच होते. मी काळे केले."

कुणाला कळलंच नाही. मला पुन्हा सांगावं लागलं, बाहुल्या कशा रंगवल्या, ठिपका कसा दिला. मूळ फोटो मी कधी पुसत नाही, स्टुडिओत ठेवलेले असतात. कामाला असलेल्या अतुलला फोन करून मागवून घेतले. डॉक्टरांनी ते माझ्या मोबाईलवर बघितले. बोट उजव्या डोळ्यावर, मग डाव्यावर. आवाज तेवढाच हळू होता.

"बाराव्या दिवशी हा फोटो घेऊन कुणी आलं असतं, तर सहाव्या आठवड्याच्या आत मी दोन्ही डोळे केले असते. हा फोटो म्हणजे तपासणीच होती. घरबसल्या, फुकट."

मी सॉरी म्हणालो. स्टुडिओत फोटो उशिरा मिळाला की गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच निघालं ते तोंडातून.

सरूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "मामानं रंगवलं, व्हय, मान्य. पर आई तर आई व्हती ना? रातंदिस मांडीवर घेऊन बसती, तिला दिसलं नाय? माझ्या म्हशीच्या डोळ्यात कुसळ गेलं तर मला कळतं."

मोनी तेव्हा बोलू शकली असती. एक वाक्य होतं. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. तिला मला वाचवायचं होतं, हे मला आजही सहन होत नाही.

"तिला दिसलं होतं," मी म्हणालो. "पाळण्यापाशीच विचारलं तिनं, हे पांढरं काय म्हणून. दोनदा विचारलं. मी म्हणालो, तू फोटोग्राफर का मी. मावशी, तुम्ही पण हसला होता. सगळे हसलो. नंतर फोन करून म्हणाली की लेकरू बघत नाही, तेव्हाही मी उडवून लावलं. तिनं पाडली नाही. ग्रहणाचं तर काही नाहीच. मी केलं हे."

गोकुळदाजी उठून बाहेर गेले. मला वाटलं मला मारायला जोडा शोधायला गेले. ते मोनीसाठी पाणी घेऊन आले. मी केलेलं त्यांच्याविषयीचं मत थोडं चुकलं, अशी नोंद मी नाइलाजानं करतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तीन दिवसांनी ठरलं, डाव्याचं त्यानंतर आठवड्यानं. डाव्याचं वचन देत नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण सोडणारही नाही. भूल द्यायच्या आधी काही तास लेकराला काही द्यायचं नाही, दूध किती वाजता शेवटचं ते सांगितलेलं. सकाळी अपेक्षा भुकेनं कळवळत होती, तर सरूबाई मधाचं बोट घेऊन आली. "बोटभर मधानं काय व्हतंय?" मोनीनं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. "हात मागं घ्या, अत्याबाई," म्हणाली. मी तिचा भाऊ, पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सरूबाईनं मध स्वतः चाटून टाकला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

उजवा डोळा तासाभरात झाला. डाव्याला अडीच तास लागले. आत थोडं रक्त आलं, ते थांबलं, नस तुटली. इतक्या लहान डोळ्यात नवं भिंग आत्ताच बसवत नाहीत, म्हणून मग चष्मा आला. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या काचा, आणि मागून डोक्याला रबरी पट्टा. चष्मा घातल्यावर लेकरू रडायचं थांबलं आणि समोर जे पहिलं दिसलं ते बघत बसलं. ते सरूबाईचं नाक होतं. म्हातारीनं महिनाभर पाचोडच्या बाजारात ही गोष्ट सांगितली.

रोज दोन तास उजवा डोळा चिकटपट्टीनं झाकायचा, म्हणजे आळशी डावा डोळा कामाला लागतो. लेकरू आकांत करतं, पट्टी ओरबाडतं. मोनी थकली. तेव्हा सरूबाई बजाजनगरला येऊन राहिली. रोज दोन तास मांडीवर घेऊन, लेकराचे दोन्ही हात धरून, खुळखुळा वाजवत बसायची. घड्याळ तिला वाचता येत नाही, म्हणून मोबाईलचा गजर लावून. तिनं एक दिवस चुकवला नाही. मी तिला अडाणी म्हणत होतो. अजूनही ती ग्रहणाचं म्हणतेच, फक्त हळू आवाजात. पण दोन तास म्हणजे दोन तास.

अकराव्या महिन्यात पाचोडला जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून कॅमेरा अतुलकडं दिला आणि लेकराला मी मांडीवर घेतलं. चष्मा तिनं काढू दिला नाही, न्हाव्यानं पट्ट्याच्या कडेकडेनं वस्तरा फिरवला. उजवा डोळा सगळीकडं फिरत होता. डावा थोडा मागं राहत होता, थोडा बाहेर जात होता. हात दाखवला तर त्याला दिसतो. बोटं मोजण्याइतकं दिसेल का, हे ती बोलायला लागल्यावर कळेल. सहा आठवड्यांच्या आत केलं असतं तर कदाचित विचारावंही लागलं नसतं.

जेवणं झाल्यावर सरूबाई जवळ सरकली. "पाव्हणं, फोटोतनं त्येवढा चष्मा काढून टाका. पोरीची जात हाय. उद्या कुणी बगितलं तर."

"नाही काढणार."

"डोळा तरी सरळ करा त्यो."

"मावशी, कान धरून सांगतो, ह्या पोरीच्या डोळ्याला मी आता हात लावणार नाही."

ती पुटपुटत गेली. मी फोटो बघत होतो, तर मोनी मागं येऊन उभी राहिली. एका फोटोवर तिनं बोट ठेवलं, डाव्या डोळ्यावर. काचेआड एक पांढरा ठिपका होता. ऑपरेशननंतर कधीकधी डोळ्यात पुन्हा जाळी धरते, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

"दादा, हे पांढरं काय रे?"

तो फ्लॅश होता. चष्म्याच्या काचेवर पडलेला, कडा स्पष्ट, पुढच्या फोटोत जागा बदललेली. सतरा वर्षांचा धंदा माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी तो गिळला.

"उद्या सकाळी दाखवू," मी म्हणालो.

सकाळी नऊला आम्ही दवाखान्यात पहिल्या नंबरला होतो. डॉक्टर शाइस्तांनी लेकराचा डोळा तपासला, मग फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"डोळा साफ आहे. हा फ्लॅश आहे, काचेवरचा. तुम्ही फोटोग्राफर ना?"

बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा हसली, दार उघडंच होतं. मी हो म्हणालो.

जिना उतरताना मोनी म्हणाली, "दादा, मी पुन्हा विचारीन हं."

"विचार," मी म्हणालो, आणि अपेक्षाला माझ्याकडं घेतलं. तिनं चष्म्यातून माझ्याकडं बघितलं, आधी उजव्या डोळ्यानं, मग थोड्या वेळानं डाव्यानं.